दोन बोटांचं कोमट पाणी

मी आयुष्यात एकदाच कॉपी केली. शाळेत नाही, कॉलेजात नाही. पन्नाशी ओलांडल्यावर, चंडीगढच्या एका दवाखान्यात, उंच स्टुलावर बसून, डॉक्टरीणबाईंच्या नाकासमोर. त्यांनी डोळे मिटायला सांगितले होते. मी मिटले, पण पापण्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवली. लहानपणी आरतीच्या वेळी प्रसादाच्या ताटाकडे बघायला हीच फट कामी यायची. त्या फटीतून बाईंच्या एका हातातला कापूस आणि दुसऱ्या हातातली टाचणी मला स्वच्छ दिसत होती. "क्या लगा?" असं त्यांनी विचारलं की मी ठणठणीत आवाजात बरोबर उत्तर द्यायची. एकही चूक नाही. बाहेर पडले ती इतकी खूश, की घरी येताना समोसे घेऊन आले.

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज कोणी माझ्या शेजारी राहायला आणलं तर मी दुसऱ्या सेक्टरात घर शोधीन.

झालं होतं असं. यजमानांची नोकरी केंद्र सरकारची. तीन वर्षांसाठी म्हणून चंडीगढला आलो आणि मुलगी इथेच शाळा-कॉलेज करून मोठी झाली, लग्न होऊन नोएडाला गेली, तरी आम्ही आपले त्याच सरकारी क्वार्टरात. माझं माहेर मिरजेचं, मुलीचं सासर नागपूरचं. तिला दिवस गेले तेव्हा नागपूरहून विहीणबाईंचा फोन आला. फार गोड बोलतात त्या, म्हणून मला त्यांची जरा धास्तीच असते.

"तिकडे थंडी फार ना हो? बाळंतपण इकडेच करू या का? आमच्याकडे न्हाऊमाखू घालणारी बाई आहे, अगदी पिढीजात."

"छे छे," मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरीच. आणि बाई कशाला? मी स्वतः पायावर घेऊन न्हाऊ घालणार!"

हे वाक्य मी पुढे ज्याला त्याला ऐकवलं. दूधवाल्याला ऐकवलं. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत एका मराठी कर्नलसाहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तिथे तर दोन्ही पाय पसरून प्रात्यक्षिक दाखवलं. बाळ अजून पोटात सात महिन्यांचं, आणि आजी गालिच्यावर बसून हवेला अंघोळ घालतेय.

त्याच दिवाळीत माझी रांगोळी बिघडली.

आमच्या दारापुढे मी दर दिवाळीत रांगोळी काढायची. पंजाबी शेजारणी रंग भरून मोठाली फुलं काढत. माझी मात्र नुसती पांढरी रेघ, केसासारखी बारीक. ती रेघ डोळ्यांनी काढत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पूड धरायची आणि सोडत जायची. किती सुटतेय ते त्या दोन बोटांनाच कळतं. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, रेघ मध्येच ढिगारा करी आणि मध्येच गायब होई. कमळाच्या पाकळ्या म्हणजे दुधीच्या फोडी दिसायला लागल्या.

कोणालाही आधी स्वतःच्या हाताची शंका आली असती. मी पिशवी घेऊन तडक मार्केटात गेले.

"भाईसाब, ये रंगोली मोटी है."

"बहनजी, वही माल है. पिछले साल भी यही ले गई थीं आप."

"पिछले साल बारीक थी."

"तो इस साल पत्थर मोटा हो गया होगा जी," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मग मी रांगोळी मैद्याच्या चाळणीने चाळली. मग जुन्या ओढणीतून गाळली. घरभर पांढरा धुरळा. तरी रेघ दुधीच. शेवटी मिरजेला बहिणीला फोन करून शिरगोळ्याची अस्सल रांगोळी धाडायला सांगितली.

"अगं, चंडीगढला दगड मिळत नाहीत होय?" ती म्हणाली. "तुमच्याकडे तर दगडांची बागच आहे म्हणे."

रांगोळी कुरिअरने आली. रेघ तशीच. यजमान पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते. ते कमी बोलतात, पण बोलले की टाचणीसारखे. "रांगोळी मिरजेची झाली," ते म्हणाले. "आता फरशी मिरजेची मागवायची का?"

एवढ्यावर भागलं नाही. कपडे वाळत घालायला मान वर केली की खांद्यातून एक वीज निघे आणि हाताच्या वरच्या कडेने सरळ अंगठ्यात उतरे. मग अंगठ्यात आणि पहिल्या बोटात मुंग्या. दुखतो अंगठा, म्हणून मी अंगठ्याला बाम चोळी. रात्री अंगठ्याला गरम फडकं बांधून झोपे. अंगठ्यासाठी एवढं केलं, पण हे दुखणं मान वर केल्यावरच का येतं, एवढा साधा प्रश्न त्या बाईच्या डोक्यात आला नाही. डोकं त्याच मानेवर होतं तरी.

यजमानांनी ओढत दवाखान्यात नेलं. नसांच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्याच बरोबरीच्या, पंजाबी, आवाज खणखणीत. मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून तो आवाज ऐकू येत होता. माझ्या आधीच्या बाईला त्या सांगत होत्या: "छह हफ्ते झुकना बंद. कुछ उठाना नहीं. बच्चा भी नहीं!"

बच्चा भी नहीं! पायावर बाळ घ्यायचं म्हणजे वाकणं आलं, उचलणं आलं. आपल्यालाही हेच सांगितलं तर? लेक नागपूरला जाणार, विहीणबाई गोड आवाजात "असू दे हो, तब्येत सांभाळा" म्हणणार, आणि माझ्या नातवंडाला ती पिढीजात बाई न्हाऊ घालणार. माझा नंबर येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. या परीक्षेत नापास व्हायचं नाही.

त्यात मी मास्तरांची मुलगी. पेपर समोर आला की पहिलं यायचं, एवढंच मला ठाऊक. हा पेपर आपण सोडवायचा नसून आपल्या हाताने सोडवायचा आहे, हे मला कुठून कळणार?

बाईंनी आधी डाव्या हाताला कापूस लावला, मग उजव्या. "एक जैसा लगता है?" अगदी एक जैसा, मी म्हटलं. टाचणी टोचली. "चुभा?" चुभा, म्हटलं. मान मागे करून उजवीकडे वळवायला सांगितली. हातातून वीज गेली, मी दात आवळून हसले. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सब ठीक लग रहा है. विटामिन लिख देती हूं. बढ़े तो फौरन आना." त्यांचा काय दोष? हाताने सांगायची बातमी त्यांना तोंडाने सांगितली होती, आणि तोंड कोणाचं होतं ते आपल्याला माहीत आहे.

समोसे मात्र छान होते.

पौषात नात झाली. बाहेर धुकं असं की समोरचं घर दिसू नये. हॉस्पिटलातून घरी आल्यावर, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या असं सांगितलं होतं. मी रोज नाळेकडे बघत होते, घारीसारखी. ती पडली आणि मी सकाळीच गीझर लावला. न्हाणीघरात पाट मांडला, खोबरेल कोमट केलं, धुरीसाठी ओवा काढून ठेवला. लेक पंच्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात उभी राहिली.

बादलीत मी गरम-गार पाणी एकत्र केलं आणि अंगठा आणि पहिलं बोट बुडवलं. पाणी बघायची माझी हीच रीत. साखरेच्या पाकाची तार बघताना बोटं बुडवतात, तशी. दोन बोटांनी सांगितलं, कोमट. थोडं गारच आहे असं वाटून मी आणखी अर्धा तांब्या गरम पाणी घातलं. परत बोटं बुडवली. कोमट. पदर खोचला, पाटावर बसले, पाय लांब केले, हात पुढे केले.

"आण तिला."

"थांब आई, नर्सने कोपर घालून बघायला सांगितलंय."

"नर्सला काय कळतंय? मी तुला न्हाऊ घातलंय."

तिने बाळाला छातीशी धरून, कशीबशी वाकून, कोपराचं टोक पाण्याला लावलं. आणि किंचाळलीच.

"आई! हे पाणी आहे का चहाचं आधण?"

"काहीतरीच काय. कोमट आहे."

"कोमट?"

तिने माझा डावा हात मनगटाला धरला आणि बादलीत घातला.

तो हात मी बाहेर काढला नाही. तोच निघाला. मला न विचारता, मला कळायच्या आधी, झटक्याने, आणि तांब्या भिंतीवर आपटला. मग कळलं की चटका बसलाय. एक बादली, तेच पाणी. उजवा हात म्हणतोय कोमट, डावा लालभडक होऊन हवेत. मी पाटावर पाय पसरून बसलेली, आणि माझ्या पायांवर कोणीच नाही.

ते कोणीच नसणं मी अजून विसरले नाही. थट्टा मी सगळ्याची करते, त्या मिनिटाची करत नाही.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दाराआडून तिचा आवाज आला, नोएडाच्या नवऱ्याशी फोनवर हिंदीत: "नहीं, कुछ नहीं हुआ. हां, पक्का. मैंने देख लिया था." मराठी पोरगी रागावली की हिंदीत जाते, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

दुपारी पुन्हा त्याच स्टुलावर. यजमान शेजारी उभे. मी घसा साफ करून म्हटलं, "डॉक्टरसाहब, पिछली बार मैंने कॉपी की थी."

"क्या की थी?"

"कॉपी. आंख खुली रखी थी. थोड़ी सी."

बाईंनी आधी माझ्याकडे, मग यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, "फर्स्ट क्लास आता था इसका हमेशा." बाई हसल्या नाहीत. म्हणजे, हसू गिळलं. मग टेबलावरचा एक स्वच्छ रुमाल घेऊन त्यांनी सरळ माझे डोळे बांधले, आंधळी कोशिंबीर खेळताना बांधतात तसे.

मग कळलं खरा पेपर काय असतो ते. कुठे काय लागतंय, काही लागतंय का, मलाच अंदाज येईना. डाव्या हाताला कापूस लागला की कळे, उजव्या अंगठ्याला लागला की जाड हातमोजा घातल्यासारखं. टाचणी करंगळीला टोचली. मधल्या बोटाला टोचली. पहिल्या बोटाला नुसतं बोट लावल्यासारखं वाटलं. "नहीं पता," मी म्हटलं. पुन्हा, "नहीं पता." असली उत्तरं मी जन्मात दिली नव्हती.

रुमाल सोडल्यावर बघते तर बाईंनी माझ्या उजव्या हातावर पेनाने खुणा केलेल्या. कोपराखालून, हाताच्या अंगठ्याकडच्या कडेने, मनगटावरून अंगठा आणि पहिल्या बोटापर्यंत, असा एक पट्टा. जिथे संवेदना मंद होती तेवढाच. किती व्यवस्थित पट्टा, जसा कोणी आखून दिलाय, मी म्हटलं.

"आखून दिलाच आहे," त्यांनी समजावलं. त्या हिंदीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते. "पाठीच्या कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. मणक्यांच्या दर फटीतून डावीकडे एक, उजवीकडे एक, अशी नसांची मुळं त्याला जोडलेली असतात. प्रत्येक मुळाला शरीराचा आपापला पट्टा वाटून दिलेला आहे. अंगठ्याचा पट्टा मानेतल्या सहाव्या मुळाकडे, मधलं बोट सातव्याकडे, करंगळी आठव्याकडे. तुमच्या मानेतली एक गादी सरकून त्या सहाव्यावर बसली असणार. फोटो काढून बघू. दुखणं अंगठ्याचं नाही. अंगठा फक्त पत्ता आहे. गडबड वाटेत आहे."

"मी अंगठ्याला बाम लावत होते," मी म्हटलं.

"अंगठ्याने आभार मानले असतील," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, की हात तर चालतोय, पोळ्या लाटते, पिळे पिळते, मग नस दबली कशी? त्यावर त्यांनी मला उलट विचारलं, सरकारी घर आहे ना तुमचं? मागे गल्ली आहे? आहे म्हटलं. आमच्या सेक्टरांतल्या घरांना पुढे रस्ता आणि मागे गल्ली असते. पुढच्या दाराने साहेब लोक बाहेर पडतात. भाजीवाला, धोबी, कामवाली आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या मागच्या दाराने आत येतात.

"मज्जारज्जूचंही तसंच," त्या म्हणाल्या. "दर मूळ दोन फाट्यांनी जोडलेलं असतं. मागचा फाटा बातमी आत आणतो: गार, गरम, टोचलं, दुखलं. पुढच्या फाट्याने हुकूम बाहेर जातो: बोट हलव, मूठ मिट. तुमच्या पुढच्या दाराला फारसं काही झालेलं नाही. मागच्या दाराशी कोणीतरी बसलंय, म्हणून बातमी अर्धीमुर्धी आत येते."

अगदी कळलं मला. आमची कामवाली चार दिवस गावाला गेली की सगळ्या सेक्टरात काय चाललंय याचा मला पत्ता लागत नाही. पण मी साहेबांना बाजारात पाठवायची थांबत नाही.

"पूर्ण बधिर का नाही झालं मग?" यजमानांनी विचारलं.

"शेजारच्या मुळांचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. एकाचा आवाज बसला तर वरची-खालची थोडं थोडं सांगत राहतात. म्हणूनच तर फसगत होते. काहीच कळलं नसतं तर आधीच आला असता. अर्धं कळतं, म्हणून माणूस म्हणतो कोमट."

आणि डावा हात? तो आपणहून निघाला तो कसा? तेही त्यांनी सांगितलं. चटक्याची बातमी मागच्या दाराने मज्जारज्जूत पोचते आणि तो मेंदूची वाट न बघता तिथल्या तिथे पुढच्या दाराने हुकूम सोडतो: हात काढ! मेंदूला नंतर कळवलं जातं. यजमान एवढं ऐकून एकदम खुलले. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांना अशी कचेरी बघायची इच्छा होती, जिथे काम आधी होतं आणि फाइल नंतर वर जाते.

आता गंमत सांगते. त्या दिवशी जिला पाणी लागलं नाही ती माझी नात यंदा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार आहे. क्लास सेक्टर चौतीसमध्ये, म्हणून राहते माझ्याकडे. परवा वहीत मज्जारज्जूचं चित्र काढत बसली होती, आडवा काप. मध्ये फुलपाखरासारखा करडा डाग. मी चष्मा लावून बघितलं आणि म्हटलं, हे मागचं दार, हे पुढचं दार. ती चकित.

"आजी, आपको कैसे पता?"

"मी एकदा हा पेपर दिलाय."

"पर ये वाला भूल गईं आप," ती म्हणाली आणि मागच्या फाट्यावरच्या एका गाठीवर पेन्सिल टेकवली. संवेदनेच्या पेशींची घरं त्या गाठीत असतात म्हणे, मज्जारज्जूच्या आत नव्हे, बाहेर. तिथून एक तंतू पार बोटाच्या टोकापर्यंत जातो आणि दुसरा आत मज्जारज्जूत. म्हणजे मागच्या दाराशी एक कोठडीच आहे. बातमी आणणारी तिथेच राहते, एक हात गल्लीत आणि एक हात घरात. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. कॉपी करणारीला एवढं पुरे, असं वाटलं असेल त्यांना. मी "हां, गाठ, गाठ," असं म्हणून वेळ मारून नेली. जुनी सवय.

असो. फोटोत गादी सहाव्यावरच निघाली. ऑपरेशन लागेल का, एवढंच मी विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक नाही. काही दिवस गळ्यात पट्टा, गोळ्या, मग व्यायाम. स्पर्श परत येतो, पण हळूहळू, आणि सगळा येईलच असं वचन देत नाही. तुम्ही आधी आला असतात तर बरं झालं असतं, हेही त्यांनी सांगितलं, एकदाच, न रागावता.

"आणि बाळाला न्हाऊ घालणं?" मी विचारलं.

"बैठकर, झुके बिना, दो-तीन हफ्ते बाद. कोई पकड़ा दे तो. क्यों नहीं?"

"पण पाणी?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला अजून आठवलं की हसू येतं. "आपका दूसरा हाथ है न?"

डावीकडच्या बातम्या डाव्या मुळाने येतात. तिथे काही बिघडलं नव्हतं. म्हणजे पहिल्याच दिवशी मी डोळे खरोखर मिटले असते, तर तिथेच निकाल लागला असता. डावा हात वापरा, वाकू नका, झालं. जे वाचवायला कॉपी केली, ते कॉपी केली नसती तर हातचं जाणारच नव्हतं. मास्तरांची हुशार मुलगी!

घरी मात्र निकाल वेगळा होता. लेक दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली, नेहमीसारखी; डिंकाचे लाडू कडक झाले म्हणून चेष्टाही केली. पण अंघोळीची वेळ झाली की ती स्वतः प्लास्टिकच्या टबात पाणी काढी, स्वतः कोपर घालून बघी आणि म्हणे, "आई, तू बस, तुझी मान." इतक्या प्रेमाने म्हणे, की मला विहीणबाईंची आठवण यावी. मी गळ्यात पट्टा घालून दारात उभी. पट्ट्यामुळे मान खाली करता येत नाही. समोर फक्त गीझर दिसायचा. नातीची अंघोळ मी अशी ऐकली. पाण्याचा आवाज, तिचं रडणं, मग गरम पाणी पाठीवर पडलं की तिचं एकदम गप्प होणं. त्या गप्प होण्यासाठी तर मी पाय पसरून बसणार होते.

"पाठीला तेल जिरव," मी गीझरकडे बघून म्हणे.

"हो आई."

"कानात पाणी जाईल."

"नाही जाणार, आई."

पट्टा निघाला, व्यायाम सुरू झाले. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची. यजमान म्हणत, परेडला उभी केलीय. वीज यायची थांबली. मुंग्या कमी झाल्या. रोज दुपारी मी ताटात मिरजेची रांगोळी घेऊन चिमटीने रेघ ओढून बघे. दुधीची पडवळं झाली, पडवळांच्या शेंगा झाल्या. लेकीला मी कधी म्हटलं नाही की आता दे बाळ माझ्याकडे. म्हटलं असतं तर तिने दिलंही असतं, आणि दारात उभी राहून बादलीकडे बघत राहिली असती. तसली अंघोळ मला नको होती.

थंडी उतरताना तिसऱ्यांदा तपासणी झाली. या वेळी लेक बरोबर आली, बाळ आजोबांपाशी ठेवून. रुमाल मी घरूनच नेला होता, धुऊन, इस्त्री करून. बाईंनी बांधला. कापूस, टाचणी, गार चमचा. अंगठा: हो, टोचलं. मनगट: हो. हाताची कड: हो, जवळजवळ डाव्यासारखं. मग पहिल्या बोटाचं टोक. मी थांबले. खोलीत लेक बसलीय हे माहीत होतं. टोचलं म्हटलं असतं तर चाललं असतं. आतापर्यंत सगळी उत्तरं हो होती, हेही हो असण्याचाच संभव.

"नहीं पता," मी म्हटलं.

बाईंनी पुन्हा काहीतरी लावलं.

"ये भी नहीं पता. गरम है कि ठंडा, पक्का नहीं बता सकती."

"ठीक," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. बोटाचं ते टोक अजूनही तसंच आहे. सुईत दोरा ओवताना मला चकवतं. बाकी सगळं परत आलं.

रिक्षाने परत निघालो. बाहेर शिरीषाची जुनी पानं गळत होती आणि लेक बाहेर बघत होती. घरी आलो तर बाळ जागं, आजोबांच्या सदऱ्याची गुंडी ओढत असलेलं. लेकीने चपला काढल्या, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, पाट मांडला आणि तेलाची वाटी त्याच्या शेजारी ठेवली. मग बाळाला उचलून माझ्यासमोर आली. मी दोन्ही हात मागे घेतले. मीच, सवयीने.

ती हसली, आणि मराठीत म्हणाली:

"आई, आज पाणी तूच बघ. डावा हात घाल. आणि डोळे उघडे ठेवलेस तरी चालतील."